शुक्रवारचे चारशे नव्वद एमबी

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. बोर्ली पंचतनवरून दिघीकडे जाताना लागतं, एवढं पुरे. नाव न सांगण्याला कारण आहे, ते पुढे कळेल. पेन्शनर माणसाने सगळं एका दमात सांगून टाकू नये, नाहीतर लोक चहाला थांबत नाहीत.

मी धर्मा. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं टेक्निशियन होतो. मूळचा उरणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. इथे बदली झाली तेव्हा साहेब म्हणाले होते, "सहा महिने काढ, मग बघू." ते साहेब केव्हाच वारले, मी अजून इथेच आहे.

यंदा जानेवारीत गावचं एक्स्चेंज कायमचं बंद करायचा हुकूम आला. गेली कित्येक वर्षं ते तसंही नावालाच चालू होतं. आता जुनी मशिनं भंगारात जाणार होती, आणि जाण्यापूर्वी त्यांची यादी करायची होती. त्यासाठी अलिबागहून अमिषा नावाची तरुण ऑफिसर लॅपटॉप घेऊन आली. तिच्या फॉर्ममध्ये प्रत्येक लाइनचा वेग आजच्या मापात, म्हणजे एमबीपीएसमध्ये भरायचा होता. आमच्या रजिस्टरांत वेग लिहिलेले कशात? कुठे बॉड, कुठे बिट, कुठे नुसतं 'तार, एक जोडी'. पोरीने पहिल्याच दिवशी हात टेकले आणि मला घरून बोलावून घेतलं.

"काका, बॉड म्हणजे बिटच ना?"

"नाही," मी म्हणालो. "बॉड म्हणजे गाडीच्या फेऱ्या आणि बिट म्हणजे मिठाच्या गोणी. तारेवरचा इशारा सेकंदाला किती वेळा बदलतो ते बॉड. दर फेरीत किती माल नेला ते बघितलं की बिट कळतात."

तिला ते पटलं. मग मी एकेक सांगत गेलो आणि ती भरत गेली. तारा उतरवून घ्यायचा टेलिप्रिंटर पन्नास बॉडचा, फेरीला एकच गोण, म्हणजे सेकंदाला पन्नास बिट. बँकेचा मोडेम चोवीसशे बॉडचा, पण फेरीला चार गोणी, म्हणजे नऊ हजार सहाशे बिट. माणसाचं बोलणं नेणारी एक वाट चौसष्ट हजार बिटची, आणि अशा तीस वाटांचं एक बंडल दोन एमबीपीएसचं. तोंडी हिशेब मला अजून जमतो. गुडघे गेले तरी पाढे राहिलेत.

पण फॉर्म दशांशानंतर दोनच आकडे घेत होता. टेलिप्रिंटरचे पन्नास बिट भरले की तो मुकाट शून्य दाखवायचा. या तारेवरून गावातल्या निम्म्या घरांना बाळंतपणाच्या आणि मयताच्या खबरा आल्या, आणि हा दीडशहाणा म्हणतो शून्य. मी चिडलो. अमिषा बिचारी म्हणाली, "काका, शेरा या रकान्यात लिहिते मी, 'चालू होती' म्हणून." तेवढ्यावर मी गप्प बसलो. पोरगी गुणी आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी अमिषा जेवायला गेली होती आणि मी एकटाच बसलो होतो, तेव्हा अलिना आली. अलिना म्हणजे रहिमुन्निसा भाभींची नात. पनवेलला कॉम्प्युटर शिकते, सुट्टीला घरी आलेली. तिच्या हातात एक कोरी हार्ड डिस्क होती, खोक्यासकट.

"दादीने पाठवलंय," ती म्हणाली. "भंगाराचा ट्रक उद्या येतोय ना? त्याच्या आधी दादाजींचा आवाज यात काढून द्या म्हणाली. एक टीबी आहे, पुरेल का विचारलंय."

इथे मला मागचं थोडं सांगावं लागेल.

तिचे दादाजी शरफुद्दीनभाई मस्कतला बंदरावर क्रेन चालवायचे. नव्वद साली त्यांच्या घरी फोन लागला तेव्हापासून दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की, त्यांचा फोन यायचा. आपल्याकडे तेव्हा पावणेतीन वाजलेले असायचे. तीन मिनिटं बोलायचे, कधी चुकायचे नाहीत. सत्त्याण्णव साली तिकडेच त्यांचं हृदय बंद पडलं आणि तिकडेच दफन झालं. इथे कुणी त्यांचं तोंडही पाहिलं नाही.

इद्दतचे चार महिने दहा दिवस संपल्यावर भाभी घराबाहेर पडल्या, त्या पहिल्यांदा आल्या कुठे, तर माझ्या एक्स्चेंजमध्ये. सोबत सासू होती. दारातच उभ्या राहून मला विचारलं, "धर्माभाऊ, त्यांचा आवाज हितनंच घरी येत व्हता ना? मग तो ऱ्हायला असंल की आत."

कपाटाएवढं मशिन मागे घूं घूं करत होतं, लाल-हिरवे दिवे लागत होते. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तिच्याकडे बघून माझी जीभ फिरली. मी म्हणालो, "आहे ना भाभी. जाणार कुठे? इथेच आहे सगळं."

वाटलं, दोन दिवसांचं समाधान. दुःख ओसरलं की विसरेल बाई. तिने तेव्हा काही मागितलंही नाही. सरकारी वस्तू आहे, सरकारातच बरी, असं काहीसं पुटपुटली आणि गेली.

ती विसरली नव्हती, हे मला अलिनाच्या तोंडून आत्ता कळत होतं. दर ईदेला आमच्या स्टाफसाठी, आणि मी रिटायर झाल्यावर माझ्या घरी, शीरखुर्म्याचा डबा यायचा, तो मी शेजारधर्म समजत होतो. गावातली वीज गेली की तिच्या घरून निरोप यायचा, जनरेटरला डिझेल आहे ना, मशिनचा एसी चालू आहे ना. मला वाटायचं, म्हातारीला फोनची काळजी. तिला काळजी होती ती उन्हाळ्यात कालवण नासतं तसा आवाज नासेल याची. अठ्ठावीस वर्षं मी ते डबे चाटूनपुसून खाल्ले.

"अलिना," मी विचारलं, "तू कॉम्प्युटर शिकतेस. तुला काय वाटतं?"

"मी सांगितलं तिला, असं काही नसतं, एक्स्चेंजमधून आवाज फक्त पास होतो. ती म्हणते, तू कालची पोर, धर्माभाऊ खोटं बोलणार नाहीत." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "बोलला होता का तुम्ही, काका?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी काय केलं? कागद ओढला आणि हिशेब मांडला. माणूस अडचणीत सापडला की ज्या कामात हुशार असतो त्यात घुसून बसतो. सेकंदाला चौसष्ट हजार बिट, आठाने भागले की आठ हजार बाइट. तीन मिनिटांचे एकशे ऐंशी सेकंद, म्हणजे एका फोनचे सुमारे दीड एमबी. सात वर्षांचे तीनशे चौसष्ट शुक्रवार. त्यातून ते तीनदा सुट्टीवर घरी आले, ते चोवीस वजा केले. राहिले तीनशे चाळीस.

"चारशे नव्वद एमबी," मी म्हणालो. "डिस्क फार मोठी झाली. पेनड्राइव्ह पुरला असता."

अलिना कागदाकडे बघत राहिली. "माझ्या मावसबहिणीच्या मेहंदीचा व्हिडिओ यापेक्षा मोठा आहे," ती म्हणाली. सात वर्षं, आणि मेहंदीच्या व्हिडिओपेक्षा कमी.

मग तिनेच वाट काढली. "काका, वीज पडून सगळं जळलं म्हणून सांगा ना. इथे पडतच असते. ती रडेल दोन दिवस, पण तुम्हाला खोटं नाही समजणार."

एका खोट्यावर दुसरं चढवायला शिडी लागत नाही. दोन हजार तीन साली आमच्याकडे वीज पडून खरोखर मशिनातली चार कार्डं जळली होती, रजिस्टरात नोंदही आहे. मी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, "उद्या सकाळी ट्रकच्या आधी येतो घरी."

घरी येऊन बायकोला, येसूबाईला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या वेळी धा मिन्टं रडली असती बाय. तुमी तिला अठ्ठावीस वर्सं राखणीला बशिवलीत." येसू उरणची भाषा विसरली नाही आणि मला टोचायचंही विसरली नाही. त्या दिवशी तिने चहाही विचारला नाही.

सकाळी गेलो. भाभींच्या अंगणात सुपारी वाळत घातली होती. त्या पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, इस्त्रीचा सलवार-कमीज, डोक्यावरून पांढरी ओढणी. कुणीतरी पाहुणा परत येणार असावा तशी तयारी. अलिना दाराला टेकून उभी राहिली. मला खुर्ची दिली, पाणी आलं, चहा आला. मी वीज तोंडात घोळवत होतो.

"किती हाय म्हणालात?" भाभींनी विचारलं. "अलिनाने आकडा सांगितला, पन मला तो समजत न्हाय."

"चारशे नव्वद एमबी. तीनशे चाळीस शुक्रवारचे."

"त्यात माझं किती?"

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "फोन आला की पयली सासू बोलायची. मग दीर. मग पोरं एकामागून एक. माझी पाळी आली की त्यांची येळ संपत आलेली असायची. म्हणून इचारते, त्या सगळ्यात माझ्याशी बोलले ते किती?"

मी हिशेबाचा माणूस. हिशेब विचारला की तोंड आपोआप चालतं. "पंधरा सेकंद धरा. पंधरा गुणिले आठ, एकशेवीस केबी. गुणिले तीनशे चाळीस. चाळीस एमबी होतात, भाभी."

"पाच-सहा फोटो," अलिना हळूच म्हणाली.

भाभींनी मान हलवली. पदरात पडेल ते मोजून घ्यायची सवय असलेल्या बाईसारखी, शांतपणे. मग त्यांची मान थांबली.

"पंधरा सेकंद," त्या म्हणाल्या. "बराबर हाय. पन हे तुमाला कसं म्हाईत?"

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. तीन मिनिटांचा फोन हे मीटरवरून कळतं. त्यातले पंधरा सेकंद कुणाचे, हे कुठल्याही मीटरवर दिसत नाही. ते फक्त कानाला कळतं.

अलिना दारातून पुढे आली. मी कप खाली ठेवला. आता वीज पाडून उपयोग नव्हता.

"मी ऐकायचो, भाभी," मी म्हणालो.

खात्याचा नियम मला पाठ होता. लाइन तपासताना दोन सेकंद कानाला लावायची, आवाज साफ आहे एवढं बघायचं आणि सोडायची. एक्क्याण्णव साली त्यांच्या लाइनवर खरखर येते अशी तक्रार होती, म्हणून मी एका शुक्रवारी हेडफोन लावला. खरखर पुढच्या आठवड्यात गेली. हेडफोन राहिला. येसू तेव्हा उरणला होती, मिठागरावर फोन कुठला? सहा वर्षं मी खोलीवर एकटा, भात आणि सुकट. शुक्रवारी पावणेतीनला एक भरलेलं घर माझ्या कानात बोलायचं. सासूबाई आंब्याचं विचारायच्या, पोरं भांडायची. मला ते हवंसं वाटायचं. दुसरं काही कारण नाही, आणि हे कारण चांगलं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. मग दुसरंही सांगितलं, की मशिनात काही नाही, कधीच नव्हतं. आवाज आला की त्याच क्षणी पुढे जातो, पाण्याच्या पाइपात काल वाहिलेलं पाणी सापडत नाही तसं. मी तेव्हा खोटं बोललो होतो.

अंगणात कावळा सुपारीत चोच घालत होता, त्याला हाकलायलाही कुणी उठलं नाही. मग भाभींचा आवाज आला, आणि तो चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागला.

"नवरा-बायकोचं बोलनं तुमी ऐकलंत. आन मला सांगितलंत की मशिनात हाय. मी त्या भिताडाकडं बघून सलाम करीत जायची, धर्माभाऊ. बाजारला जाताना, येताना."

"माझी चूक आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी उठलो. चपला घातल्या. तेवढ्यात रस्त्यावरून भंगाराचा ट्रक एक्स्चेंजच्या दिशेने गेला, आणि आम्ही तिघांनीही तिकडे बघितलं.

"बसा," भाभी म्हणाल्या. "मशिनात न्हाय म्हंता. मग ज्याच्या कानात हाय तो तरी कुठं चाललाय?"

मी पायरीवरच बसलो. खुर्चीवर बसायची हिंमत नव्हती.

"सासू गेली. दीर गेले. त्यांचा आवाज फोनवर ऐकलेलं मानूस आता तुमीच एक हाय," त्या म्हणाल्या. "पोरांना आठवत न्हाय. मला आवाज आठवायचा, तो पन हल्ली हलतो, दुसऱ्याच कुणाचा वाटतो. काय बोलायचे ते सांगा. पंधरा सेकंदाचं."

मला बरंचसं आठवत होतं. आडाची मोटर दुरुस्त केली का. थोरल्याला शाळेत मार पडला का. सुपारीचा भाव काय. पैसे पोचले का. मी एकेक सांगत गेलो, आणि त्या प्रत्येकावर मान हलवत गेल्या. त्यांनाही हे सगळं पाठ होतं. त्यात नवीन काही नव्हतं, आणि तेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढंच होतं का ते? अठ्ठावीस वर्षं जपलं ते मोटर आणि भाव?

आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणाला कधी सांगितली नव्हती. येसूलाही नाही.

"भाभी, फोन आधी तुम्ही ठेवायचात," मी म्हणालो.

"व्हय. त्यांना पैसं पडायचं ना. म्हनून मी झटकन ठेवायची."

"तुम्ही ठेवला की तुमच्याकडचं बंद व्हायचं. पण लाइन तुटायची नाही. ज्याने फोन लावला त्याने ठेवेपर्यंत लाइन त्याच्या हातात असते, जुन्या पद्धतीत तसंच होतं. तुम्ही ठेवल्यावर पुढे दीड मिनिटापर्यंत ती चालू राहायची. त्यांना ते माहीत होतं की नाही कोण जाणे. पण ते ठेवायचे नाहीत."

अलिनाने ओठ दाबून धरले. भाभींचा हात ओढणीवर थांबला.

"मंग काय करायचे?"

"बोलायचे."

"कुनाशी?"

"तुमच्याशी. घरातल्या सगळ्यांची रांग संपलेली असायची, मागे कुणी उभं नसायचं. एकच वाक्य बोलायचे, आणि मग थांबायचे. तुम्ही उत्तर देत असाल आणि ते ऐकत असतील, असे थांबायचे. तिकडचे पैसे पडत राहायचे तरी थांबायचे. मग लाइन आपोआप सुटायची."

"दर शुक्रवारी?"

"मी ऐकलं ते सगळे शुक्रवार."

भाभींनी विचारलं नाही, काय बोलायचे. डोळे मात्र माझ्यावरून हलले नाहीत. परक्या माणसाने हे वाक्य तिच्या अंगणात बसून बोलणं बरं नव्हे, पण आता ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

"म्हणायचे, 'रहिमा, तू कशी हायस?'"

त्यांनी ओढणीचं टोक तोंडाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. रडल्या नाहीत. नजर माझ्यावरून निघाली आणि अंगण, सुपारी, रस्ता ओलांडून कुठेतरी पुढे गेली. बराच वेळ गेला. दीड मिनिट तर नक्कीच झालं असेल. अलिना त्यांच्या जवळ जायला निघाली तर त्यांनी हाताने तिला तिथेच थांबवलं.

मग रहिमुन्निसा भाभी म्हणाल्या, मला नव्हे आणि अलिनालाही नव्हे, "बरी न्हवते मी. पन सगळी मागं उभी ऱ्हायची, कसं सांगनार?"